बोटभर मातीचे शेजारी

सड्यावरची माती आम्ही बोटांनी मोजायचो. तर्जनी मातीत खुपसायची आणि खाली कातळ लागला की थांबायचं. नखभर, एक पेर, दोन पेरं, अख्खं बोट. वीतभर माती लागली तर ती जागा त्या सड्यावरची सर्वांत सधन. कोणती वनस्पती कुठे उगवणार, तिच्या शेजारी कोण असणार, दोघींपैकी आधी कोण फुलणार, हे सगळं त्या पेरांवर ठरलेलं असायचं. एका पावलाच्या अंतरात नखभर माती दोन पेरांची होते आणि तेवढ्यात पायाखालची वस्ती बदलते. उभ्याने बघणाऱ्याला दोन्हीकडे हिरवंच दिसतं. गुडघे टेकले की कळतं, आपण एका गावाची वेस ओलांडून दुसऱ्या गावात आलो आहोत.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला हा सडा होता. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या जमिनीवरून भावकीत अजून दावे चालू आहेत आणि त्या माणसांना माझ्या लिहिण्याचा त्रास नको. खाली वाडी, वाडीच्या खाली भाताचे मळे, आणि वर हा जांभ्याचा लांबलचक सपाट माथा. लाखो वर्षांच्या पावसाने काळा दगड कुजवला, त्यातलं विरघळणारं सगळं धुऊन नेलं, लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं तेवढी मागे राहिली आणि कडक झाली. कोकणातले सडे असे बनले. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेववत नाही. कातळावर जळल्यासारखा काळपट थर दिसतो. ते नीलहरित शैवाल आणि दगडफूल असतं, पहिल्या सरीची वाट बघत पडलेलं. मे महिन्यात सड्यावर आलेल्या माणसाला तिथे काही दिसलं नाही, तर मी त्याला दोष देणार नाही. त्याने तेवढ्या पाहण्यावर कागद लिहू नये, एवढंच माझं म्हणणं.

तसा कागद लिहिला गेला होता, म्हणून आम्ही तिथे गेलो. सड्यावर एक मोठा कारखाना प्रस्तावित होता. अशा प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल द्यावा लागतो, आणि त्यासाठी परिसराची आधारभूत माहिती सहसा एका ऋतूची गोळा करतात. तो ऋतू पावसाळा सोडून कोणताही चालतो. हवेतली धूळ मोजायची असेल तर यात शहाणपण आहे, कारण पावसात धूळ बसलेली असते. पण त्याच फेरीत वनस्पतीही मोजून होतात. सड्यावरच्या बहुतेक वनस्पतींचं सगळं आयुष्य जून ते ऑक्टोबर एवढंच. उगवणं, फुलणं, बी धरणं, मरणं, सगळं त्यात उरकतं. त्यामुळे अहवालातल्या यादीत आंबा, काजू, करवंद, अंजनी, निवडुंग अशी बारमाही दिसणारी नावं होती. सातबाऱ्यावर ही जमीन पोटखराबा म्हणून लागलेली होती. दोन्ही कागद एकमेकांना दुजोरा देत होते. आमच्या सरांनी अहवाल वाचून मिटला आणि म्हणाले, "पाऊस लागू दे."

सर तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायचे आणि मी त्यांच्याकडे शिकून त्याच कॉलेजात लागले होते. सामान अगदी साधं. लोखंडी सळईची मीटर-मीटरची चौकट, दोरी, जलरोधक पिशवीत वही, पेन्सिल (पेनाची शाई पावसात फुटते), भिंग, आणि नमुने दाबायला जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे. पद्धत जुनी आणि कसून तपासलेली. योसिआस ब्राउन-ब्लांके हा स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेला वनस्पतीशास्त्रज्ञ. त्याने 1928 मध्ये वनस्पतींच्या समूहांचा अभ्यास कसा करावा यावर ग्रंथ लिहिला. चौकटीत कोण आहे हे लिहायचं, आणि त्याने किती जागा व्यापली हेही लिहायचं. तीन चतुर्थांशाहून जास्त जागा एकीनेच धरली असेल तर पाच. निम्म्याहून जास्त तर चार. असं उतरत उतरत एक, मग अधिकाचं चिन्ह, आणि एकुलतं एक रोप असेल तर त्याला वेगळी खूण. अशा पुष्कळ चौकटी भरल्या आणि एकमेकींशेजारी मांडल्या की वस्त्या आपोआप दिसू लागतात. सर म्हणायचे, "नावं कळायला कुकसाहेबाचे खंड आहेत. शेजार कळायला गुडघे टेकावे लागतात." थिओडोर कुकचं 'फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे' 1901 ते 1908 या काळात निघालं. सरांच्या टेबलावर त्याचं पुनर्मुद्रण कायम उघडं असायचं आणि त्याला पावसाळी ओलीचा वास होता.

जून लागला की दिपकाडी वर यायची. कातळाच्या चिरेत, दगडगोट्यांच्या आडोशाला अडकलेल्या मातीत तिचा कांदा बाकीचे महिने पडून असतो. दोन-चार सरी झाल्या की पानं येतात आणि त्यांच्यामधून उंच दांडीवर पांढरी फुलं. सड्यावर पहाटे धुकं असलं की तांबूस-काळ्या दगडावर ही पांढरी फुलं लांबूनही उठून दिसायची. कोकण, गोवा आणि लगतचा थोडा भाग सोडला तर ही वनस्पती जगात कुठे नाही. तिच्या शास्त्रीय नावातही कोकण आहे. तिच्या आगेमागे फोडशी, काळ्या मुसळीची पिवळी चांदणी, आणि एखादं गोल पान जमिनीला चिकटवून उभी राहिलेली पांढरी हबे आमरी. ही सगळी कंदवाली मंडळी. गेल्या पावसाळ्यात साठवलेल्या शिदोरीवर ती पहिल्या आठवड्यांतच फुलून मोकळी होतात, कारण मागून बियांतून उठणारी गर्दी येणार असते आणि त्या गर्दीत यांचा निभाव लागत नाही. फोडशीची भाजी वाडीतल्या बायका पहिल्या पावसात खुडून न्यायच्या. पानंच खुडायच्या, मूळ कधी उपटत नसत.

जुलै सर्वांत कठीण. पाऊस आडवा येतो, छत्रीचा काही उपयोग नसतो आणि फूल जवळपास नसतंच. चौकटीत फक्त रोपं, सुईच्या टोकाएवढी, शेकड्यांनी. ती ओळखायला शिकणं हे माझ्या आयुष्यातलं मोठं शिक्षण. ट्रायपोगॉन नावाचं केसासारखं गवत मेपर्यंत वाळून काडी झालेलं असतं, आणि पाऊस पडताच एक-दोन दिवसांत तीच वाळलेली पानं पुन्हा हिरवी होतात. नवी पानं फुटत नाहीत, जुनीच जिवंत होतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी सरांना हाक मारून बोलावलं होतं. ते आले, उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. इतकी वर्षं बघूनही त्यांना ते नवं होतं.

ऑगस्ट सरता सरता सडा बोलू लागायचा. सड्याच्या पश्चिम उतारावर पाणी कातळावरून अखंड पाझरत असायचं, कागदाच्या जाडीचा थर करून. तिथे माती नखभर, तीही वाळू आणि शेवाळ मिळून झालेली. त्या पाझरावरची वस्ती मला सगळ्यांत प्रिय. गेंदाचे पांढरे गोल तुरे, त्यांच्यामधून सीतेच्या आसवांची निळी-जांभळी फुलं, आणि खाली जमिनीलगत दवबिंदूच्या तांबड्या, चिकट पानांची नक्षी. पाणी भरपूर, ऊनही भरपूर, पण त्या पाण्यात नत्र जवळजवळ नाही. पावसाने दगड हजारो वर्षं धुतलेला. तिथे खायला काय उरणार? म्हणून दवबिंदू पानावरच्या चिकट थेंबांनी चिलटं धरतो. सीतेच्या आसवांना तर खरी पानं-मुळं अशी नाहीतच. ओल्या वाळूत त्यांचे धागे पसरलेले असतात आणि त्यांवर टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे. फुग्याच्या दाराशी केस असतात. एखादा सूक्ष्म जीव त्यांना लागला की दार आत उघडतं, पाण्याबरोबर जीव आत ओढला जातो आणि दार मिटतं. डोळ्याला दिसेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं. वरचं फूल बघून खाली हे चाललं असेल असं कोणाला वाटणार नाही.

त्याच पाझराच्या खालच्या अंगाला, जिथे दगडाला थोडा खोलगटपणा आहे आणि माती दोन पेरांची झाली आहे, तिथे सीतेची आसवं हटतात आणि कवळ्याची पिवळी फुलं सुरू होतात. त्यांच्यात तेरडा, तारागुच्छ, अबोलिमा. अजून खाली अख्खं बोट जाईल एवढी माती. तिथे गवतांचं राज्य. त्यांतली ग्लायफोक्लोआची प्रजाती भारतीय द्वीपकल्पाबाहेर आढळत नाही आणि तिचे बरेचसे भाऊबंद अशाच जांभ्याच्या माथ्यांवर राहतात. कातळातल्या डबक्यांत रोटाला आणि अंबुली. पाणी असेतो एक पान, पाणी उतरलं की दुसऱ्याच आकाराचं पान. चिरांमध्ये अंजनी, करवंद, कडेला रानहळद. या सगळ्यांना बांधणारी गोष्ट म्हणजे पाण्याचा क्रम. कातळावर पडलेला थेंब आधी पाझरावर येतो, तिथून खळग्यात, खळग्यातून डबक्यात, डबक्यातून चिरेत, आणि चिरेतून दगडाच्या पोटात. वरची जागा सुकवली तर खालची तशीच राहणार नाही. हे आम्ही तक्त्यात मांडलं होतं, पण मला ते आधी सांगितलं तात्यांनी.

तात्या गुरं राखायचे. वाडीतल्या चार घरांची गुरं पावसाळ्यात सड्यावर घेऊन यायची आणि दिवेलागणीला खाली न्यायची, एवढं त्यांचं काम. डोक्यावर इरलं घ्यायचे. वाडीत तेवढं एकच इरलं उरलं होतं. पहिल्या दिवशी माझ्याजवळ येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "दगड कसले मोजतंस गो बाय?" मी चौकटीत बोट दाखवलं, नावं सांगितली. ते ऐकून घेत होते. मग काठीने पलीकडचा खळगा दाखवून म्हणाले, "हय नाय, थय बघ. हय गुरां बसतत." खरंच होतं. गुरं बसतात तिथे शेण पडतं, शेणाने नत्र वाढतं, आणि नत्र वाढलं की सीतेच्या आसवांची जागा दुसरे कोणी घेतात. आमच्या तक्त्यात ती चौकट सगळ्यांहून वेगळी निघत होती आणि कारण कळत नव्हतं. त्यानंतर सरांनी तात्यांना विचारल्याशिवाय चौकट टाकली नाही.

तात्यांकडे सड्यावरच्या प्रत्येक डबक्याला नाव होतं. टिटवीचं डबकं, वासराचं डबकं, देवतळी, मधली. कुठल्यात पाणी गणपतीपर्यंत टिकतं आणि कुठल्यात दिवाळीनंतरही राहतं, हे त्यांना पाठ. देवतळी भरून वाहिली की खालच्या वाडीतल्या विहिरीला किती दिवसांनी पाणी चढतं, हेसुद्धा. गवत कापायला बाकीचे दसऱ्यालाच निघाले की ते ओरडायचे, "बी सांडू द्या रे." स्वतः कापायचे ते कुसळं झडल्यावर. फुरशांची जागाही त्यांना ठाऊक असायची. सड्यावर फुरसं फार. दगड उचलायला मी हात घातला की तात्यांची काठी आधी तिथे आलेली असायची. या माणसाला मी कधी कुठल्या फुलाचं कौतुक करताना ऐकलं नाही. पण पाझरावरून गुरं नेताना ते नेहमी लांबचा वळसा घालायचे. विचारलं तर म्हणायचे, गुरांचे पाय सरकतात.

आम्ही चौकटी भरत होतो त्याच पावसाळ्याच्या अखेरीस कारखान्याची मोजणीही सुरू झाली. तिपाईवर यंत्र ठेवून कोन घेणारी, नुकताच डिप्लोमा झालेली मुलं. चांगली मुलं होती. आमच्याबरोबर डबा खायची, भिंगातून दवबिंदू बघून हरखून जायची. त्यांनी ठोकलेला लाल रंगाचा एक खुंट पाझरावरच्या आमच्या चौकटीच्या आत आला. आम्ही दोरी सरकवली नाही. पंधरवड्याने गेलो तर खुंटाच्या वरच्या बाजूला चिमूटभर वाळू अडली होती आणि त्यात गेंदाची रोपं उभी होती. सरांनी तीही वहीत लिहून घेतली.

जनसुनावणी शाळेच्या मैदानावर मांडव घालून झाली. सरांनी तक्ता टांगला, वस्त्यांचा नकाशा टांगला, आणि सोप्या मराठीत सांगितलं की अहवाल ज्या ऋतूत झाला त्या ऋतूत या सड्यावर मोजण्यासारखं काही नसतंच. म्हणून पावसाळ्याचं सर्वेक्षण पुन्हा करा, आणि निदान पश्चिमेचा पाझर व डबक्यांचा पट्टा कुंपणाबाहेर ठेवा. सरांचं बोलणं संपल्यावर गावातला एक तरुण उठला. शांतपणे म्हणाला, "मास्तर, ह्या फुलांवर माझं घर चालणार काय?" मांडवात कोणी हसलं नाही. त्याचा प्रश्न खरा होता आणि आजही तो मला खराच वाटतो. त्या वाडीतल्या शाळेचा पट दर वर्षी खाली येत होता. सातबाऱ्यावरच्या नावांपैकी बहुतेक माणसं मुंबईत. सड्यासारख्या जमिनीला कधी कोणी भाव विचारला नव्हता, आणि आता दारात येऊन विचारत होते. काय सांगणार? सर म्हणाले, "नोकरी तुला मिळायलाच हवी. मी कारखाना नको म्हणत नाही. मी म्हणतो, तुझ्या विहिरीच्या डोक्यावरचं पाणी सोडून बांधा." तो मुलगा खाली बसला. सरांचं निवेदन इतिवृत्तात नोंदलं गेलं. नकाशातली कुंपणाची रेघ मात्र होती तिथेच राहिली.

कधीकधी मनात येतं, त्या सड्यावर एखादं कातळशिल्प असतं तर? राजापूर, लांजा, रत्नागिरी या भागांतल्या सड्यांवर माणसांनी कोरलेली चित्रं सापडली, कशेळीचा अवाढव्य हत्ती, बारसूचा दोन वाघांमधला माणूस, आणि 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. त्या दगडांना निदान बोलणारं कोणी मिळालं. साताऱ्याजवळच्या कासला 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाचा मान मिळाला. कास वनखात्याच्या ताब्यात आहे, तिथे लोक रांगा लावून फुलं बघतात. कोकणातले सडे बहुतेक खाजगी, सामायिक खात्यांचे, आणि त्यांची फुलं बघायला भर पावसात उकिडवं बसावं लागतं. डॉ. अपर्णा वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षं या खडकाळ माथ्यांवर काम केलं, त्यांच्या अवस्थेचा आढावा छापला, ते जपायला हवेत हे परोपरीने मांडलं. आमच्या सड्यापर्यंत ते पोचायला वेळच उरला नव्हता.

आणि कारखान्याच्याही आधी सड्याचे लचके आपणच तोडत आलो आहोत, हेही लिहायला हवं. माझ्या आजोळच्या घराच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत. ते चिरे कुठल्यातरी सड्याच्या पोटातून निघाले, आणि त्या चिरेखाणीच्या जागी आज शेवाळलेल्या पाण्याचा चौकोनी खड्डा असेल. 1990 च्या सुमारास रोजगार हमीतून फळबागांची योजना आली. कातळात सुरुंग लावून खड्डे पाडायचे, खालून माती आणून भरायची आणि हापूसची कलमं लावायची. कोकणात त्या योजनेने अनेक घरांत पैसा आणला, मुलं शिकली. मी त्या बागांमधले आंबे खाऊन वाढले आहे. पण त्या खड्ड्यांच्या ओळींमध्ये आता पाझर नाही, सीतेची आसवं नाहीत, दिपकाडी असलीच तर बांधाच्या कडेला एखादी. तुकडा तुकडा गेलेलं कोणाच्या नजरेत भरत नाही.

आमचा सडा एका हिवाळ्यात गेला. पोकलेन आले, डंपर आले, दुपारी ठरल्या वेळी सुरुंगांचा भोंगा व्हायचा आणि खाली वाडीतली भांडी हलायची. उंचवटे फोडून त्यांचा चुरा खळग्यांत भरला. टिटवीचं डबकं पहिल्याच आठवड्यात बुजलं. देवतळी खोल होती, तिला बरेच डंपर लागले. मी तेव्हा एकदाच वर गेले. तात्या गुरं घेऊन कुंपणाच्या तारेपाशी उभे होते आणि गुरं रोजच्या वाटेने जायला बघत होती. ते त्यांना परत वळवत होते, एकीला वळवलं की दुसरी. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. मीही त्यांना काही बोलले नाही. काय बोलायचं होतं?

एक गोष्ट मात्र मान्य झाली होती. दिपकाडीचे कांदे काढून दुसरीकडे लावायचे. त्यासाठी प्रकल्पाच्या आवारात एक वाफा केला, आणि आम्हीच विद्यार्थ्यांना घेऊन कांदे काढले, हलक्या हाताने, एकेक चीर उकरून. वाफ्यात चांगली भुसभुशीत माती होती, हातभर खोल. पहिल्या जूनमध्ये दिपकाडी फुलली आणि तिचे फोटो निघाले. पण हातभर मातीत सगळेच उगवतात. पुढच्या पावसाळ्यात गवत कमरेएवढं झालं, माळ्याने ते उपटलं, तरी परत आलं. त्या सावलीत आणि साचलेल्या ओलीत कांदे कुजत गेले. सड्यावर ती टिकत होती ती दुसरं कोणी टिकत नव्हतं म्हणून. भोवती नखभर माती, उन्हाळ्यातली होरपळ, वरून धुऊन जाणारं पाणी, शेजारी फोडशी आणि आमरी, असं सगळं मिळून तिचं घर होतं. त्यातला कांदा तेवढा आम्ही हलवला. उरलेल्या आवारात नियमाप्रमाणे तेहतीस टक्के हरित पट्टा झाला. कातळावर लाल माती अंथरून गुलमोहर, सुरू आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. झाडं चांगली वाढली आहेत. बाहेरून जाणाऱ्याला तो सडा आता बारा महिने हिरवा दिसतो, आणि हे बघून मला जो संताप येतो तो अजून शमलेला नाही.

वाडीतल्या विहिरीचं पाणी पूर्वी मेपर्यंत पुरायचं. आता होळीच्या आसपास तळ दिसतो आणि टँकरचा अर्ज करावा लागतो. जनसुनावणीत उठलेला तो तरुण कारखान्याच्या गेटवर कंत्राटी पहारेकरी आहे. दोन वर्षांपूर्वी भेटला तेव्हा त्यानेच मला विहिरीचं सांगितलं.

सर निवृत्त होऊन कोल्हापूरला मुलीकडे गेले. वह्या माझ्याकडे देऊन गेले. दाबलेले नमुने कॉलेजच्या कपाटात आहेत, प्रत्येकाला लेबल, लेबलावर अक्षांश-रेखांश. त्या आकड्यांवर आज गोदामाचं छप्पर आहे, हे उपग्रहाच्या चित्रात स्पष्ट दिसतं. विद्यार्थ्यांना नमुना दाखवताना मी लेबल झाकत नाही.

गुरं विकल्यावर तात्या विरारला मुलाकडे गेले. चौथ्या मजल्यावर राहतात. जूनमध्ये त्यांचा फोन येतो, पाऊस लागला काय म्हणून. सुरुवातीला आम्ही पावसावरच बोलायचो. मग एकदा मी वही घेऊन बसले आणि विचारलं, "तात्या, मधलीच्या खाली जो लांबट खळगा होता, त्याला काय म्हणायचे तुम्ही?" त्यांनी लगेच सांगितलं. त्या दिवसापासून वस्त्यांचा नकाशा आम्ही दोघं पुरा करतो आहोत. सरांच्या नकाशात चौकटींचे फक्त आकडे आहेत. मी आकडा आणि तिथल्या वनस्पती वाचते, ते जागा ओळखतात. "गेंद आणि दवबिंदू, उतार पश्चिमेला, शेजारी मोठी अंजनी," असं म्हटलं की पलीकडे क्षणभर शांतता, मग नाव. कधी ते मलाच दुरुस्त करतात. अंजनी नाही बाय, करवंदीची जाळी होती ती, अंजनी पलीकडे. मी वहीतला नमुना क्रमांक काढून बघते आणि त्यांचं बरोबर निघतं.

तालुक्यातल्या आणखी एका सड्यावर आता मोजणीचे खुंट लागले आहेत. तिथल्या ग्रामपंचायतीने या वर्षी पावसाळ्याचं सर्वेक्षण करून द्या म्हणून कॉलेजला पत्र दिलं आहे, आणि तिथले दोन गुराखी आमच्याबरोबर फिरायला तयार आहेत. या वेळी चौकटीच्या आकड्याशेजारी जागेचं नाव पहिल्याच दिवशी लिहायचं, असं मी विद्यार्थ्यांना सांगून ठेवलं आहे. जुन्या नकाशातल्या थोड्या खळग्यांची नावं अजून राहिली आहेत. फोनवर ती नीट उमगत नाहीत, कागद समोर लागतो. शिमग्याला तात्या गावी येणार आहेत. तेव्हा विचारीन.